वर्द्यांच्या दारावरची पाटी

हेमचंद्र,

तुमचा स्क्रूड्रायव्हर अजून माझ्याकडेच आहे. लाल मुठीचा. गाडीच्या कप्प्यात पडलाय. ब्रेक दाबला की खडखडतो आणि तुमची आठवण होते. ती काही गोड आठवण नव्हे, हेही सांगून टाकते.

इथल्या मराठी मंडळाने तुमची शोकसभा केली. तिथे तुम्हाला ‘थोर संशोधक’ करून टाकलं. तुम्ही संशोधक नव्हता, भिंगं तपासायचात, आणि तेच छान करायचात. तुम्हाला ‘अजातशत्रू’ही म्हणाले. म्हणजे म्हणणाऱ्याचं तुमच्याशी कधी भांडण झालं नसावं. तुमच्या नातीचं नाव मात्र कुणी घेतलं नाही, आणि त्या जर्मनीतल्या निवडणुकीचं तर नाहीच नाही. तुम्हाला ते चाललं असतं. मला चाललं नाही. तुम्ही हे वाचणार नाही, ठाऊक आहे मला. पण गेली तीन वर्षं तसंही तुम्हाला सगळं मीच वाचून दाखवत होते.

एवढं लिहून सुचित्रा खांबेटे थांबल्या. मेलेल्या माणसाला पत्र लिहायचं हा प्रकार त्यांचा त्यांनाच पटेना. पंचवीस वर्षं पुण्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या बाईने असली हळवी कामं करू नयेत, असं त्यांचं मत. त्यांनी कागद पालथा घातला, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली. तिला काही इलाज नव्हता.

हेमचंद्र वर्दे मूळचे वेंगुर्ल्याचे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला लावायचं ते काळं भिंग मुलाने लहानपणीच पळवलं आणि त्यातून मुंग्या, मीठ, आईच्या पातळाचा धागा असं दिसेल ते बघितलं. पुढे कोल्हापूरला भौतिकशास्त्र शिकले, आणि त्र्याहत्तर साली शिष्यवृत्ती मिळवून पूर्व जर्मनीत भिंगांचं शिक्षण घ्यायला गेले. तेव्हा जर्मनी दोन होत्या. ज्या भागात ते गेले त्याला थुरिंगिया म्हणतात. साले नदीच्या काठी एक लहानसं गाव, तिथे काचेचा कारखाना, आणि कारखान्यामागच्या गल्लीत फ्राउ लिंडनर नावाच्या विधवेच्या घरी खालची खोली.

नोव्हेंबरचे दिवस होते. हातात पत्र्याची ट्रंक आणि अंगात मुंबईला घेतलेला पातळ कोट अशा अवतारात ते त्या घराशी पोचले आणि दारापुढेच थबकले. दारावर पितळी पाटी होती. तिच्यावर कोरलं होतं, वर्दे.

बाईंचा नवरा हयात असताना कारखान्यात कोरीवकाम करायचा. त्याची हत्यारं घेऊन बाईंनी स्वतः ते नाव कोरलं होतं, म्हणून अक्षरं जराशी डावीकडे कलली होती. जर्मनीत घराघराच्या दारावर नाव असतं, त्यात विशेष काही नव्हतं. पण वेंगुर्ल्याच्या त्या पोराला ते विशेष वाटलं, आणि ते पन्नास वर्षं वाटत राहिलं. दर गणपतीला कुणीतरी नवखं भेटलं की हेमचंद्र ती हकिकत सांगायचेच. शेवट ठरलेला असे: “जिथे मला कुत्रंही ओळखत नव्हतं, तिथे माझं नाव माझ्याआधी पोचलं होतं.”

शिक्षण संपल्यावर ती पाटी फ्राउ लिंडनरनी दारावरून काढून त्यांच्या ट्रंकेत ठेवली. मायदेशी काही वर्षं नोकरी करून एक्याऐंशी साली ते अमेरिकेत, सांता क्लाराला आले. चिप बनवायच्या यंत्रांमध्ये जी भिंगं लागतात ती तपासायचं काम. काचेत बुडबुडा आहे का, ओरखडा आहे का, एवढंच. पण ते त्यांच्यासारखं कुणाला जमायचं नाही. पुढे सवयच जडली. कुणी सरबताचा ग्लास हातात दिला तरी आधी उजेडात धरून बघायचे. पद्मिनीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, माझ्यात तेवढा बुडबुडा सापडला नाही म्हणून लग्न केलं.

घर घेतलं आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ती पाटी दाराला लावली. आता अमेरिकेत दारावर नंबर असतो, माणूस नसतो. त्या वसाहतीच्या कमिटीने हरकत घेतली की बाहेरून काही लावायचं नाही. हेमचंद्र सभेला गेले आणि मोजपट्टी काढून दाखवलं, की तुमच्या नाताळच्या गोल माळेपेक्षा माझी पाटी लहान आहे. पाटी राहिली. चाळीस वर्षं राहिली. ती पितांबरीने घासायचं काम पद्मिनीवहिनींचं होतं. त्या गेल्यावर ते काम हेमचंद्र करू लागले.

सुचित्राबाई अमेरिकेत आल्या त्या निवृत्तीनंतर. क्युपर्टिनोला मुलाकडे, सुमंतकडे. सून चांगली, नातवंडं चांगली, आणि दिवस उजाडला की करायला काही नाही. मंडळाच्या वाचनालयात हेमचंद्रांशी त्यांचं पहिलं भांडण झालं, कशावरून ते दोघांनाही पुढे आठवत नसे. हेमचंद्रांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोर उभ्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. गाडी बंद झाली, वाचन बंद झालं. मग सुचित्राबाई दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायच्या, वाचून दाखवायच्या, किराणा आणायच्या आणि वाद घालायच्या. ते थालीपीठ काट्या-सुरीने खायचे. ते बघितलं की बाईंचं डोकं उठायचं. ते त्यांना ‘मास्तरीणबाई’ म्हणत. लोक बोलायचे. बोलोत. त्यांच्याकडे लक्ष द्यायला या दोघांना फुरसत नव्हती.

अनया ही हेमचंद्रांची एकुलती एक नात. मुलगा श्रीरंग व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, डेटा सेंटरच्या धंद्यात. पोरगी तिथेच जन्मली, तिथेच वाढली. मराठी कळायचं, बोलताना निम्मं इंग्रजी. पण आजोबांचं वेड तिच्यात उतरलं होतं. काचेचंच शिकली, आणि बावीस साली तिला नोकरी कुठे लागावी? त्याच गावी, त्याच कारखान्यात. श्रीरंगच्या मनात नव्हतं. हेमचंद्रांनी मुलाशी फोनवर तासभर वाद घातला आणि जिंकले. मग त्यांनी दारावरची पाटी काढली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोटांनी स्क्रू चाचपून काढले आणि लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर सुचित्राबाईंच्या हातात ठेवत म्हणाले, “परत चालली बघा आपल्या गावी.”

दारावर पाटीच्या आकाराचा फिकट चौकोन आणि चार भोकं राहिली.

अनयाला भाड्याचं घर मिळालं ते फ्राउ लिंडनरच्याच गल्लीत, तळमजल्याचं, रस्त्यावर उघडणारं दार. दाराला मध्यावर टपालाची फट. फटीच्या वर तिने पाटी लावली आणि फोटो पाठवला. गावात बाकीच्यांच्या दारावर आता छापील कागदाच्या चिकटवलेल्या पट्ट्या असत. एवढी ठसठशीत पितळी पाटी त्या गल्लीत तिची एकटीची होती. हेमचंद्रांनी सुचित्राबाईंना त्या फोटोचं दोनदा वर्णन करायला लावलं. बाई म्हणाल्या, दार आहे, पाटी आहे, पोरगी हसतेय. अजून काय सांगू?

थुरिंगियाच्या विधानसभेची निवडणूक चोवीस सालच्या सप्टेंबरच्या एक तारखेला होती. तिकडे संध्याकाळी सहाला मतदान संपतं आणि त्याच क्षणी टीव्हीवर पहिला अंदाज येतो. म्हणजे इकडे सकाळचे नऊ. लेबर डेची मोठी सुट्टी, रविवार, निम्मं क्युपर्टिनो समुद्रावर गेलेलं. सुचित्राबाई थालीपिठाचं पीठ मळून डब्यात घालून घेऊन आल्या होत्या. हेमचंद्र टॅब्लेटपुढे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, जसं काही त्यांनाच मत द्यायचं होतं.

बाईंना जर्मन ओ की ठो येत नाही. पण खांब चढताना दिसतात आणि आकडा कुठल्याही भाषेत आकडाच असतो. निळा खांब चढला, चढत राहिला, आणि सगळ्यांच्या वर जाऊन थांबला. परदेशातून आलेल्या लोकांना परत धाडायची भाषा करणारा तो पक्ष. बत्तीस-तेहतीस टक्के. असल्या अति उजव्या पक्षाने तिथलं एखादं राज्य पहिल्या क्रमांकाने जिंकायची महायुद्धानंतर ही पहिलीच वेळ, असं बोलणारा माणूस पुन्हापुन्हा सांगत होता. ते हेमचंद्रांनीच भाषांतर करून सांगितलं, अगदी सपाट आवाजात, बातमी सांगणाऱ्यासारखं. मग म्हणाले, “म्हणजे सदुसष्ट टक्के लोकांनी त्यांना मत दिलेलं नाही. तुम्ही संख्याशास्त्रवाल्या ना?”

“तीनात एकाने दिलंय,” सुचित्राबाई म्हणाल्या. “अनयाच्या गल्लीत घरं किती?”

हेमचंद्रांनी सुरीने थालीपीठ कापलं.

थोड्या वेळाने पडद्यावर नकाशा आला. आवाज नुसता नकाशाबद्दल बोलत होता, गावांची नावं घेत नव्हता. हेमचंद्रांना रंग दिसत नव्हते. त्यांनी बाईंना नदी शोधायला सांगितली, मग नदीच्या काठाने खाली यायला सांगितलं. बोटाने दाखवावं तसं सांगत होते, डोळे मिटून. मग विचारलं, आपलं गाव कुठल्या रंगाचं.

“निळं.”

“आणि आजूबाजूचं?”

“सगळं निळं. मधे थोडे तुकडे सोडून.”

अकराच्या सुमाराला अनयाचा फोन आला. हेमचंद्रांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला. ती आधी इकडचंतिकडचं बोलली, आजोबा काय खाल्लं, सुचित्रा आजी आहे का. मग म्हणाली की पाटी काढू का. नुसतं एवढंच. गाव सोडू का असं नाही, नोकरी सोडू का असंही नाही. तेव्हा पहिल्यांदा कळलं की उन्हाळ्यापासून कुणीतरी पाटीवर थुंकतं. रोज नाही, अधूनमधून. ती पुसते. वरच्या मजल्यावरचे आजोबा नेहमीसारखे गुटन मॉर्गन म्हणतात, काल म्हणाले, आजही म्हणाले. आणि निवडणुकीचे अंदाज यायला लागल्यापासून बेकरीत रांगेत उभी राहिली की ती पुढची माणसं मोजते, आणि तीनातला तो एक कोण, असं बघत राहते.

“आजोबा, आय जस्ट वाँट टु टेक इट डाउन,” ती म्हणाली. “कागदाची पट्टी लावते ना. सगळ्यांसारखी.”

हेमचंद्रांनी हातातला काटा बशीत ठेवला. त्यांनी तिला समजावलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट झालं. चढवला असता तर पोरीने भांडण केलं असतं. ते म्हणाले, हा राग आपल्यावर नाही. बोटीतून, ट्रकमधून, कागदपत्रांशिवाय येतात त्यांच्यावर आहे. आपण शिकून जातो, टॅक्स भरतो, त्या गावाची काच जगभर पोचवतो. त्या गल्लीने मला नाव दिलं, तू घाबरून ते उतरवलंस तर त्या लोकांना वाटेल आपणच चोर होतो. आणि शेवटी म्हणाले, “पितळ आहे बाळ. पुसलं की चमकतं.”

अनया म्हणाली, ओके आजोबा. तिला त्यांचा शब्द मोडता यायचा नाही, लहानपणापासून.

फोन बंद झाल्यावर सुचित्राबाईंनी त्यांना चांगलंच झापलं. राग करणारा माणूस आधी तुमचा बायोडाटा मागवून वाचतो का, हे विचारलं. रात्री येणारा माणूस कागदपत्रं तपासून थुंकतो का, हेही विचारलं. हेमचंद्र शांतपणे म्हणाले, मास्तरीणबाई, तुम्ही तिथे राहिलेल्या नाहीत. खरंच नव्हत्या राहिल्या.

तेव्हाच बाईंना अनयाला परत फोन करून सांगता आलं असतं, काढ गं पाटी, म्हाताऱ्याला काय दिसतंय इथून. पण ती त्यांची नात, यांची नव्हे. असल्या बाबतीत माणसं आपापली पायरी सांभाळतात आणि नंतर ती सांभाळल्याचं त्यांना काही सुख लागत नाही.

त्या आठवड्यात गणपती होते. मंडळाच्या हॉलमध्ये आरतीनंतर जेवणाच्या रांगेत हाच विषय निघाला, कारण तिकडचे आकडे इकडच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीशी जुळवून बघायचा सगळ्यांना नाद लागला होता. एक निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ श्रीखंड वाढून घेता घेता म्हणाले, आपल्या लोकांना कोण हात लावतंय, आपल्याशिवाय त्यांची हॉस्पिटलं चालतील का. चार जणांनी माना हलवल्या. हेमचंद्रांनीही हलवली. सुचित्राबाईंनी पानावरची बटाट्याची भाजी संपवली आणि बाहेर जाऊन गाडीत बसल्या.

नोव्हेंबर आला आणि गेला. इकडचा निकालही लागला. त्या दिवशी हेमचंद्रांनी टॅब्लेट उघडलाच नाही.

डिसेंबरात मात्र त्यांना एकदम उत्साह आला. थुरिंगियात जिंकलेल्या पक्षाबरोबर सरकार करायला कुणी तयार झालं नव्हतं. बाकीच्यांनी महिनोन्‌महिने घोळ घालून एकत्र मोट बांधली आणि दुसऱ्याच पक्षाचा माणूस मुख्यमंत्री झाला. हेमचंद्रांनी गुरुवारीच फोन केला, रविवारची वाट न बघता. बघितलंत का, म्हणाले. सांगत होतो की नाही. माझी माणसं आहेत ती. सुचित्राबाई म्हणाल्या, सरकार बदलतं हो, शेजारी तेच राहतात. विधानसभेत एकतृतीयांशापेक्षा जास्त जागा अजून त्यांच्याच आहेत, म्हणजे मोठा कुठला निर्णय त्यांना वगळून करता यायचा नाही. हे त्यांनी मुद्दाम वाचून ठेवलं होतं. हेमचंद्रांनी फोनवर हसून म्हटलं की तुम्हाला बासुंदीतसुद्धा खडा सापडेल. त्याच दिवशी त्यांनी अनयाला फोन केला आणि पाटी नाताळासाठी घासून ठेव म्हणाले.

तिने घासली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी जर्मनीत फटाके फुटतात. आपल्या दिवाळीसारखे नव्हेत, हातात बाटल्या घेतलेले लोक रस्त्यावर उतरतात. अनया घरीच होती. बाराच्या आसपास दाराच्या फटीतून काहीतरी आत पडलं. तिला वाटलं, कुणी शुभेच्छापत्र टाकलं. ती उचलायला वाकली.

फोन आला तेव्हा इकडे संध्याकाळ होत आली होती. सुचित्राबाई हेमचंद्रांच्या ओट्याशी उभ्या राहून त्यांच्यासाठी मटार सोलत होत्या. फोन श्रीरंगचा होता. तो वडिलांशी बोलला नाही, म्हणाला मावशींना द्या. बाईंनी ऐकलं. हाताची दोन बोटं भाजली आहेत, गाल भाजला आहे, डोळे वाचले आहेत. डाव्या कानाचा पडदा गेला. ऐकू परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीयेत. तो पहिल्या विमानाने निघतोय. सगळं ऐकून त्यांनी फोन ठेवला आणि वळल्या, तर हेमचंद्र त्यांच्याकडे तोंड करून उभे होते. ते बघत होते त्यांच्या कानाच्या बाजूला, कारण त्यांना तेवढंच दिसायचं.

“पाटी होती ना दारावर?” त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, होती.

कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांनी विचारपूस केली, कागद भरले, मग म्हणाले की अशा रात्री दारू पिऊन पोरं कुठेही फटाके टाकतात, अमुक एका कारणानेच टाकला असं म्हणता येत नाही. खरंच म्हणता येत नाही. हे सुचित्राबाईंनाही मान्य करावं लागलं, एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही. फक्त त्या गल्लीत टपालाच्या फटी पुष्कळ दारांना होत्या आणि फटाका एकाच दारात पडला. वरचे आजोबा रोज हॉस्पिटलात येत होते, सूप घेऊन. तेही अनयाने सांगितलं. आणि त्यांच्याकडे बघताना मी काय विचार करते ते मी सांगणार नाही, असंही.

फेब्रुवारीत ती अमेरिकेला परत आली. आजोबांना भेटायला सांता क्लाराला आली तेव्हा ती त्यांच्या उजव्या बाजूला न बसता मुद्दाम डाव्या बाजूला बसली, म्हणजे तिचा चांगला कान त्यांच्याकडे होईल. तिने बॅगेतून पाटी काढून टेबलावर ठेवली. धुराने काळी पडली होती, एक कोपरा जरा वाकला होता. हेमचंद्रांनी ती हातात घेतली, सवयीने उजेडाकडे धरली, आणि लगेच खाली ठेवली.

ते माफी मागतील असं सुचित्राबाईंना वाटलं होतं. त्यांनी मागितली नाही. ते तिच्याशी हळू बोलले, मग लक्षात आल्यावर मोठ्याने बोलले, मग बोलायचेच थांबले. अनया त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मुलगी समजूतदार, त्यांना तिच्या समजूतदारपणाचाच जास्त त्रास झाला. दोन दिवसांनी ती व्हर्जिनियाला गेली. पुढे तिने काच सोडली. आता तिकडे कुठल्याशा विमा कंपनीत आहे.

ती गेल्यावर हेमचंद्रांनी सुचित्राबाईंना पाटी पुन्हा दाराला लावायला सांगितलं. तीच चार भोकं, तोच स्क्रूड्रायव्हर. बाईंनी ती लावली, आणि लावताना त्यांनी दोनदा विचारलं की हे कशासाठी. ते म्हणाले, माझ्या दारावर राहू दे, माझ्या जबाबदारीवर. ती घासायची मात्र नाही. काळीच राहू दे.

वसंत सरला, उन्हाळा आला. मंडळाच्या ग्रुपवर रोज नवीन बातमी असे. कुणाचा व्हिसा अडकला, कुणाला विमानतळावर बसवून ठेवलं, कुणा ओळखीच्याच्या मुलाला कुणी दुकानात काय म्हटलं. खरं किती आणि फुगवलेलं किती, कुणास ठाऊक. हेमचंद्रांना नागरिकत्व मिळून तीसेक वर्षं झालेली. त्यांना कुणी काही केलं नाही. हे नीट समजून घ्यायला हवं. त्यांना कुणी काहीही केलं नाही.

ऑगस्टमध्ये एका रविवारी सुचित्राबाई गेल्या, बेल वाजवली, दार उघडेना. त्यांच्याकडे किल्ली होती, त्या आत गेल्या. घरात हाक मारली, उत्तर नाही. न्हाणीघराचं दार आतून बंद. बाहेरून ठोठावलं, नाव सांगितलं, तेव्हा बऱ्याच वेळाने कडी निघाली. हेमचंद्र बाथटबच्या कडेवर बसले होते, पायजमा आणि वर कोट, हातात पासपोर्ट. सकाळी कुणीतरी दार वाजवलं होतं. दाराबाहेरून कुणा पुरुषाच्या आवाजाने त्यांचं आडनाव घेऊन हाक मारली, पुन्हापुन्हा, मोठ्याने. मिस्टर वर्दे, वी नो यू आर होम.

सुचित्राबाई बाहेर जाऊन बघून आल्या. पायपुसण्यावर रंगीत कागद पडला होता. छपरावर सोलर बसवून घ्या, पहिल्या वर्षी सवलत. त्या पोऱ्याने दारावरचं नाव वाचलं होतं, एवढंच.

त्यांनी कागद आणून दाखवला, वाचून दाखवला, थट्टाही केली. ते हसले नाहीत. त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं. पाणी दिलं तर ग्लास उजेडात न धरता तसाच तोंडाला लावला. मग म्हणाले, “सुचित्राबाई, ती पाटी काढून टाका.”

मास्तरीणबाई म्हणाले नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. पण राग आला होता, तो आतून इतके महिने साचलेला होता, आणि असला राग वेळ बघून येत नाही. त्या म्हणाल्या, “पोरीला काढू दिली नाहीत. आता स्वतःची काढता?”

हेमचंद्रांनी मान वळवली, म्हणजे त्यांना बाईंचा चेहरा कडेने दिसेल.

“तिला काढू द्यायला हवी होती,” ते म्हणाले. “म्हणून.”

स्क्रूड्रायव्हर गाडीत होता, फेब्रुवारीपासून तिथेच पडला होता. पाच मिनिटांचं काम. पण बाईंना वाटत होतं की माणूस आज घाबरलाय, दोन दिवसांनी सावरेल, आणि तेव्हा पाटी नसलेलं दार त्याला जास्त घाबरवेल. त्या म्हणाल्या, गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंच आहे तुम्हाला, तेव्हा काढते.

“नक्की?”

“नक्की म्हटलं ना.”

त्या निघाल्या तेव्हा हेमचंद्रांनी मागून दाराला आतून कडी, वरचं कुलूप आणि साखळी असं एकामागून एक लावलेलं त्यांना ऐकू आलं. चाळीस वर्षं त्या दाराला साखळी नव्हती. कधी बसवून घेतली, कुणाकडून, कळलं नाही; सकाळी घाबरून ती लावायची राहिली असावी.

बुधवारी सकाळी ते गेले. झोपेतच, मेंदूत रक्तस्राव. कामवाली आली तर साखळीमुळे दार उघडेना. शेवटी अग्निशमन दलाच्या लोकांनी दार तोडलं, बिजागरीच्या बाजूने. त्यामुळे पाटीला धक्का लागला नाही.

शोकसभेनंतर महिन्याभराने श्रीरंगने घर विकायला काढलं. त्याने फोन करून विचारलं, मावशी, परवा फोटो काढायला येणार आहेत, एजंट म्हणते दारावरचं ते काळं काय आहे ते तेवढं काढून ठेवा, जमेल का. सुचित्राबाई म्हणाल्या, न जमायला काय झालं.

पत्राचा कागद पालथाच राहिला. चहा पिऊन त्या गाडी घेऊन सांता क्लाराला गेल्या. दार नवीन बिजागऱ्यांवर होतं, पाटी जुनीच. त्या जवळ गेल्या. काळ्या पडलेल्या पितळेवर डावीकडे कललेली अक्षरं अजून वाचता येत होती. एका परक्या बाईने पन्नास वर्षांपूर्वी, न बघितलेल्या पोरासाठी कोरलेली. तिच्या गावाने नंतर काय केलं हे तिला बघावं लागलं नाही, सुटली. त्यांनी पहिल्या स्क्रूवर अंगठा ठेवला. स्क्रू घट्ट होता. फेब्रुवारीत त्यांनीच आवळला होता.

शेजारच्या दारातून एक तरुण गोरी बाई कुत्रा घेऊन बाहेर पडली आणि हाय म्हणाली, नेहमीच्या हसऱ्या आवाजात. सुचित्राबाई तिच्याकडे बघत राहिल्या, अनया बेकरीतल्या रांगेकडे बघायची तशा, जरा जास्तच वेळ, ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला.

त्या गाडीत येऊन बसल्या आणि स्क्रूड्रायव्हर कप्प्यात टाकला. एजंटचा माणूस काढेल पाटी, त्याला काढू दे. त्यांनी गुरुवारी काढते म्हटलं होतं, ते राहिलं.